होकायंत्राची रोजनिशी : चिंचवडहून अलिबागेस

पुण्या-चिंचवडकडील कुटुंबे अलिबागेस जातात ती बहुधा तीन कारणांनी. एक समुद्रस्नानाकरिता, दुसरे, ओहोटीची वेळ साधून पायी कुलाबा किल्ल्यात जावे व तेथील गणपतीचे दर्शन घ्यावे म्हणून, आणि तिसरे, परतताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घरी आणाव्यात म्हणून. ही तिन्ही कारणे योग्यच आहेत, आणि त्यांपैकी एकही सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्याच गावात आणखी एक स्थान असे आहे की, त्याच्या फाटकावरून शेकडो लोक रोज जातात आणि आत काय चालते याची चौकशी क्वचितच कोणी करतो. ते स्थान म्हणजे तेथील चुंबकीय वेधशाळा. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, त्याचे बळ क्षणोक्षणी किंचित बदलत असते, आणि त्या बदलाची रोजनिशी १९०४ सालापासून या आवारात अखंड लिहिली जात आहे. तिची पहिली पाने तर त्याहूनही जुनी, १८४१ सालची, मुंबईच्या कुलाब्यास लिहिलेली आहेत. एवढी दीर्घ व सलग रोजनिशी जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

आमचे वास्तव्य चिंचवडचे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि पवनेच्या घाटामुळे ज्या गावाचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले, ते गाव गेल्या सत्तर वर्षांत कारखान्यांच्या वस्तीत विरघळून गेले आहे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला; पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील माळरानांवर एकामागून एक धुराडी उभी राहिली. आता हा पसारा चाकणच्याही पुढे गेला आहे. ज्या चाकणच्या लहानशा संग्रामदुर्गाने १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याच्या हाताखाली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेस पन्नासहून अधिक दिवस थोपवून धरले, त्याच्या आसमंतात आज मोटारी तयार होतात. या पट्ट्यातील प्रत्येक घरातून कोणी ना कोणी यंत्रापाशी कामास आहे, आणि विजेवाचून येथे घटकाभरही चालत नाही. अशा गावच्या माणसाने अलिबागची वेधशाळा मुद्दाम पाहावी असे आम्हांस वाटते. कारण ज्या विजेवर आपले पोट आहे त्या विजेपासून पळूनच ही वेधशाळा अलिबागेस आली.

आमच्या बरोबर आमचा पुतण्या होता. तो चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात यंत्रांच्या देखरेखीवर आहे. देहूरोड, तळेगाव, लोणावळा असे करीत खंडाळ्याचा घाट उतरून आम्ही खोपोलीस आलो. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी १९१५ साली येथे वीज काढली व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली, हे त्यास ठाऊक होते. पुढे १९२९ साली त्याच घाटातून पुण्यापर्यंत विजेची आगगाडी धावू लागली. खोपोलीहून पेणेस आलो, गणपतीच्या मूर्तींच्या कार्यशाळा उजव्या-डाव्या हातांस ठेवून वडखळ, पोयनाड व कार्लेखिंड ओलांडली, आणि दुपारच्या आत अलिबागेस पोहोचलो. वेधशाळा पाहावयाची तर आधी परवानगी मागावी लागते. ती आम्ही मागून ठेवली होती.

आत काय मोजतात, हे प्रथम सांगितले पाहिजे. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून राहते, हे शाळेतील मुलास माहीत असते. पण ती नेमकी उत्तर दाखवीत नाही. थोडी पूर्वेस किंवा पश्चिमेस वळलेली असते, आणि हा फरक स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो. सुई आडव्या पातळीत न ठेवता मोकळी टांगली तर तिचे एक टोक जमिनीकडे झुकते. तो झुकावही सर्वत्र सारखा नसतो. तिसरी गोष्ट म्हणजे सुईला ओढणारे बळ. हे बळ नॅनोटेस्ला या मापाने सांगतात. अलिबागेस आडव्या पातळीतील बळ सुमारे अडतीस हजार नॅनोटेस्ला भरते, आणि सूर्य उगवून मावळेपर्यंत ते रोज काही दशकांनी वाढते व उतरते. घरातील एखादी चावी जवळ आणली तरी सुई हलते, मग मोटार किंवा लोखंडी तुळई यांची गोष्टच सोडा. असे हे सूक्ष्म मापन रात्रंदिवस, वर्षानुवर्षे, एकाच जागी बसून करावयाचे असते.

या कामाचा आरंभ कसा झाला हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या कुलाबा बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा बांधली ती ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी व बंदरातील जहाजांस अचूक वेळ कळविण्यासाठी. त्याच सुमारास जर्मनीतील गटिंगेन येथे गाउस व वेबर या दोन पंडितांनी अशी कल्पना काढली की, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा उलगडा एका ठिकाणी बसून होणार नाही. निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांनी ठरविलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे एकाच क्षणी वेध घ्यावेत आणि ते एकमेकांस कळवावेत. इंग्लंडातील विद्वानांनी ही कल्पना उचलून धरली आणि कंपनीच्या मुलखात मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथे चुंबकीय वेध सुरू झाले. म्हणजे ज्यास आज आपण माहितीची देवाणघेवाण म्हणतो, ती या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या अंगात आहे. एकट्याचे आकडे येथे निरुपयोगी असतात. दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी मांडले म्हणजेच त्यांस अर्थ येतो.

मुंबईस हे काम १८४१ साली एल्फिन्स्टन विद्यालयाचे प्राध्यापक ऑर्लेबार यांनी सुरू केले. महाराष्ट्रीय वाचकांस अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला, आणि ऑर्लेबारांच्या हाताखाली सहायक म्हणून जो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा नेमला गेला तो पुढे केरूनाना छत्रे या नावाने प्रसिद्ध झाला. केरूनानांचा जन्म १८२५ सालचा, अलिबागेजवळच्या नागावचा. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ रचून ज्यांनी आमच्या पंचांगाचा आकाशाशी तुटत चाललेला मेळ पुन्हा घालून दिला, आणि पुण्याच्या कॉलेजात लोकमान्य टिळकांसारखे शिष्य ज्यांच्यापाशी गणित शिकले, त्यांचे हात प्रथम कुलाब्याच्या वेधशाळेत तयार झाले. नागावचा मुलगा वेध घेण्यास मुंबईच्या कुलाब्यास गेला, आणि साठ-बासष्ट वर्षांनी ते वेध स्वतःच त्याच्या गावाशेजारी राहावयास आले.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. मुंबईचे कुलाबा निराळे आणि अलिबागचा कुलाबा किल्ला निराळा. या किल्ल्यावरूनच सबंध जिल्ह्यासही पूर्वी कुलाबा म्हणत. १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले. वेधशाळा या दोन्ही कुलाब्यांची पाहुणी असल्यामुळे जुन्या पुस्तकांत पुष्कळांची फसगत होते.

त्या काळचे काम कसे चाले? रेशमी धाग्याने टांगलेला चुंबक एका बंद खोलीत असे. चुंबक किती वळला हे दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचावयाचे, आणि वहीत आकडा लिहावयाचा. तासामागून तास, दिवस आणि रात्र, पाऊस असो की उन्हाळा. चुंबक फार चळबळ करू लागला तर तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा किंवा पाच-पाच मिनिटांनी वाचावयाचे, असा नियम होता. १८७२ साली छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटविणारी यंत्रे आली तोपर्यंत हा सर्व व्यवहार डोळ्यांनी व हातांनी चालला. ज्या सहायकांनी तो केला त्यांची नावे आज कोणाच्या तोंडी नाहीत. आपल्या घरांतून वडील माणसे नित्यनेम करीत. त्याचे फळ काय, असा प्रश्न रोज उठून कोणी करीत नसे. त्याच जातीचे हे काम होते.

पुतण्याने येथेच आम्हांस अडविले. तो म्हणाला, “काका, एवढे आकडे लिहून ठेवण्याचा उपयोग काय? आमच्या कारखान्यात प्रत्येक यंत्राची नोंद असते. पण ठरलेली मुदत संपली की जुन्या नोंदी काढून टाकतात. न वापरलेली नोंद म्हणजे नुसती अडगळ.”

आम्ही म्हटले, “प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १८५९ सालच्या वहीत आहे.”

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्यास त्या डागांवर डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश दिसला आणि थोड्याच मिनिटांत तो मावळला. मुंबईस तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. सुमारे साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ उठले की, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांवर काम करणाऱ्यांस विजेचे झटके बसले, आणि जो ध्रुवप्रकाश केवळ उत्तरेकडील देशांस दिसावयाचा तो क्यूबासारख्या उष्ण बेटांवरही दिसला. युरोपातील वेधशाळांची यंत्रे या वादळापुढे टिकली नाहीत. रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास मात्र २ सप्टेंबरच्या सकाळी कोणी तरी दुर्बिणीस डोळा लावून मिनिटे मोजीत बसला होता. आडव्या पातळीतील बळ पाहता पाहता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेले, म्हणजे एकूण बळाच्या चार टक्क्यांनी. जेथे रोजची हालचाल काही दशकांची, तेथे ही घसरण केवढी! त्या माणसाने आकडे लिहिले, रेघ ओढली आणि पुढचा तास आल्यावर पुढचा आकडा लिहिला.

ते आकडे छापले गेले, बांधले गेले आणि कपाटात राहिले. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ साली, त्सुरुतानी व गोन्झालेझ या परदेशी शास्त्रज्ञांनी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अ‍ॅलेक्स यांच्या सहकार्याने ते बाहेर काढून प्रसिद्ध केले. तेव्हा जगास प्रथमच कळले की, त्या प्रसिद्ध वादळाचा विषुववृत्ताकडील प्रदेशात घेतलेला असा लेख उपलब्ध आहे आणि त्यावरून वादळाची शक्ती मोजता येते. २०२२ साली पुन्हा एकदा त्याच वर्षाच्या कुलाबा ग्रंथातील आकडे नव्याने तपासून मांडण्यात आले.

आता हा केवळ इतिहासाचा विषय राहिलेला नाही. सप्टेंबर १८५९ मध्ये असे वादळ उठले तेव्हा तारायंत्रे बिघडली, एवढेच. मार्च १९८९ मध्ये याहून बरेच सौम्य वादळ आले, तरी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. मे २०२४ मध्ये आलेल्या वादळाने लडाखमधील हानले येथेही आकाश तांबडे दिसले, आणि अमेरिकेतील शेतकऱ्यांचे उपग्रहाच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर पेरणीच्या ऐन हंगामात वाट चुकू लागले. वीजमंडळाची मोठी रोहित्रे, विमाने, दळणवळणाचे उपग्रह यांची योजना करणाऱ्यास पहिला प्रश्न पडतो तो हा की, वाईटात वाईट किती वाईट होऊ शकेल? या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या थोड्या साक्षीदारांपैकी एक म्हणजे कुलाब्याची ती वही. चाकणच्या कारखान्यांना जी तारांची जाळी वीज पुरविते, तिच्या सुरक्षिततेचा विचारही शेवटी याच साक्षीवर येऊन टेकतो. हे ऐकून पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे लिहिणाऱ्याला उपयोग ठाऊक नव्हता, म्हणूनच ती वही खरी.” त्याचे हे म्हणणे आम्हांस पटले. ज्यास निष्कर्ष आधी ठाऊक असतो त्याच्या आकड्यांवर थोडा तरी संशय राहतोच.

ही परंपरा तुटण्याचा प्रसंग मात्र एकदा आला होता. एकोणिसावे शतक संपता संपता मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परत जातो, त्यांतील काही भाग जमिनीत झिरपतो, आणि तो जेथे जेथे वाहील तेथे तेथे आपले स्वतःचे चुंबकत्व उत्पन्न करतो. अशा शहरात पृथ्वीच्या चुंबकाचे वेध घेणे म्हणजे बँडच्या गलक्यात तंबोरा जुळविण्यासारखेच. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस. हे पारशी गृहस्थ १८९६ साली त्या पदावर आलेले पहिले भारतीय. आणि योगायोग असा की, त्यांचा जन्मही १८५९ सालचा, त्या वादळाच्या वर्षातलाच. ट्रामगाड्या बंद पाडणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. शहरास वाहन पाहिजे होते. मूस यांनी मग वेधांसाठी नवी जागा शोधली ती मुंबईपासून दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडच्या अलिबागेस.

परंतु नुसती जागा बदलून भागत नव्हते. दोन ठिकाणचे बळ थोडे निराळे असणारच. मग जुन्या वहीचा शेवट आणि नव्या वहीचा आरंभ जुळवावयाचा कसा? यासाठी मूस यांनी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध चालू ठेवले. दोहोंतील फरक नीट समजला तेव्हाच कुलाब्याचे काम थांबविले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली तेव्हा सुया अलिबागेस सुखरूप होत्या. घरातील गृहिणीस ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. जुने दही संपण्यापूर्वी त्यातलेच विरजण नव्या दुधास लावावे, तरच दह्याची परंपरा तुटत नाही. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतचे कुलाब्याचे सर्व वेध दोन जाड खंडांत छापून काढले. हे खंड अभ्यासक आजही उघडतात.

अलिबागची ती जुनी इमारत पाहण्यासारखी आहे. तिच्यासाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात चुंबकत्व नाही. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण या कामी चालत नाही, त्याच्या पोटात लोह असते व तो स्वतःच थोडासा चुंबक असतो. बांधकामात लोखंडाचा खिळाही येऊ दिला नाही. बिजागऱ्या, कड्या सर्व तांब्या-पितळेच्या. उष्णतेने चुंबकाचे वर्तन बदलते म्हणून खोलीच्या आत खोली केली आहे, जेणेकरून बाहेर वैशाखाचे ऊन असले तरी आतील हवा फारशी तापू नये. आत जाणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, दूरध्वनी बाहेर ठेवावयाचे. पुतण्याच्या खिशातून निघालेल्या वस्तूंची रास पाहून आम्हांस हसू आले. चाकणच्या माणसाच्या अंगावर किती लोखंड असते हे त्या दिवशी कळले. आवारात विशेष असे काही घडताना दिसत नाही. झाडांची सळसळ आणि समुद्राचा आवाज एवढेच ऐकू येते. एका पट्ट्यावर आपण सारे मोठ्या आवाजाने काम करतो. येथे शांतता हेच काम आहे.

आता या नोंदी जातात कोठे, ते सांगतो. १९५७ च्या जुलैपासून १९५८ च्या डिसेंबरपर्यंत आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळण्यात आले. सदुसष्ट देशांनी त्यात भाग घेतला. अमेरिका व रशिया यांचे वैर तेव्हा ऐन भरात होते. तरीही असे ठरले की, पृथ्वीविषयी जे जे मोजले जाईल त्याची प्रत जागतिक दत्तकेंद्रांत ठेवावयाची आणि मागेल त्या शास्त्रज्ञास द्यावयाची. एक केंद्र अमेरिकेत, एक रशियात, आणि इतर युरोपात व जपानात, अशी वाटणी झाली. प्रती अनेक ठिकाणी ठेवण्यात शहाणपण होते. एखादे केंद्र आगीत, युद्धात किंवा राजकारणात सापडले तरी विद्या नष्ट होऊ नये. पोथीच्या नकला करून त्या निरनिराळ्या गावी ठेवण्याची आपली जुनी रीत होती, तिच्याशी याचे साम्य आहे. १९७१ साली कुलाबा-अलिबागचे काम नव्या स्वायत्त भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आले आणि भूचुंबकत्वाचे जागतिक दत्तकेंद्रही मुंबईस ही संस्था चालवू लागली. संस्थेचे मुख्य ठाणे आता नवीन पनवेलास आहे. तेथे आपल्या वेधशाळांच्याच नव्हे तर इतर देशांच्याही नोंदी जमा होतात. छापील ग्रंथ, सूक्ष्मपटावर घेतलेल्या जुन्या रेघा, आणि आता संगणकातील आकडे. अलिबागची सुई आज मिनिटामिनिटाचा हिशेब जगाच्या जाळ्यात पाठविते.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून समोर जो समुद्र दिसतो, त्याच्या तळाशीही या विद्येचा संबंध आहे. अरबी समुद्राच्या पलीकडे, हिंदी महासागराच्या वायव्य भागात, पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची लांबच लांब पर्वतरांग आहे. १९६२ साली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत एका ब्रिटिश जहाजाने तिच्यावरून चुंबकमापक ओढीत नेला. त्या आकड्यांच्या आधारे व्हाइन व मॅथ्यूज यांनी १९६३ साली असे दाखविले की, या रांगेच्या भेगेतून वर येणारा तप्त रस थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आपल्यात टिपून ठेवतो. आणि पृथ्वीचे चुंबकत्व मधून मधून उलटत असल्यामुळे तळावर सुलट-उलट पट्टे पडत जातात. समुद्राचा तळ पसरतो व खंडे सरकतात, या सिद्धान्तास यामुळे मोठे बळ आले. जहाजावर मोजलेल्या आकड्यांतून रोजची चढउतार व वादळे वजा करावी लागतात. ती कळतात किनाऱ्यावरील स्थिर वेधशाळांकडून. म्हणजे जमिनीवरची वही नसेल तर समुद्राच्या तळाची वही वाचता येत नाही.

त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा जन्म झाला, आणि हिंदी महासागराविषयीची माहिती साठविण्याचे काम तेथे सुरू झाले. समुद्राच्या खोलीचा जगाचा नकाशा करण्याचे काम तर १९०३ पासून, मोनॅकोच्या आल्बर्ट राजाच्या आश्रयाने, चालू आहे. तथापि आजही तळाचा सुमारे चौथा हिस्साच प्रत्यक्ष मोजलेला आहे. याचे एक कारण काम अवघड, हे खरे; पण दुसरे कारण असे की, नौदलांनी व कंपन्यांनी मोजलेले पुष्कळ आकडे त्यांच्या पेट्यांतून बाहेर येत नाहीत. विद्या दिल्याने वाढते हे आपण लहानपणी पाठ करतो. मोठेपणी राष्ट्रांनाही त्याचा विसर पडतो. कुलाब्याच्या वहीवर कोणी कुलूप घातले असते तर १८५९ ची साक्ष आज कोणास मिळाली असती?

यापुढील गोष्ट आम्ही थोड्या काळजीने लिहीत आहो. ज्या कारणाने मुंबईचे कुलाबे सोडावे लागले, ते कारण आता अलिबागच्या वेशीवर येऊन उभे आहे. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसह मांडव्यास येता येते. २०२४ च्या जानेवारीत न्हावाशेव्याचा सागरी सेतू खुला झाला. बंगले, उपाहारगृहे, मोटारी वाढत आहेत. कोणास नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. आम्ही स्वतः मोटारीनेच गेलो होतो. परंतु रस्ता, इमारत, वीजवाहिनी यांची आखणी करताना ‘येथे एक नाजूक काम चालते’ एवढे ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी ध्यानात ठेवले पाहिजे. जपानचे उदाहरण पाहा. टोकियोच्या वेधशाळेवरही ट्रामचाच प्रसंग आला आणि १९१३ साली तिने आपले चुंबकीय वेध काकिओका या गावी नेले. आज त्या गावाच्या आसपास धावणाऱ्या आगगाड्यांस एकाच दिशेने वाहणारा विद्युत्प्रवाह वापरू देत नाहीत. त्यांना उलटसुलट वाहणारा प्रवाह घ्यावा लागतो, मग गाड्यांचा खर्च वाढला तरी चालेल. जपानसारख्या यंत्रनिष्ठ राष्ट्रास वेधशाळेचे मोल कळले. आपणांस ते कळणे अवघड का असावे?

वेधशाळा पुन्हा हलविता येईल, असे कोणी म्हणेल. येईलही, मूस यांनी वाट दाखवून ठेवलीच आहे. पण त्यास वेळ, पैसा आणि दोन्हीकडे एकदम काम करण्याची चिकाटी लागते. आणि प्रत्येक स्थलांतरात साखळीच्या एका कडीवर ताण येतो. कारखाना बंद पडला तर दुसरा काढता येतो. गेल्या मंगळवारचा चुकलेला वेध मात्र कितीही द्रव्य दिले तरी पुन्हा घेता येत नाही.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. अलिबागेस जाल तेव्हा किल्ला पाहा, समुद्र पाहा, कांद्याच्या माळाही आणा. परंतु आधी पत्र लिहून परवानगी मागा आणि घरातील शाळेत जाणाऱ्या मुलांस ही वेधशाळा दाखवा. शेजारच्या नागावात केरूनाना जन्मले हेही त्यांस सांगा. आणि आपल्या घरी आजोबांनी लिहिलेली पावसाची, विहिरीच्या पाण्याची किंवा आंब्याच्या मोहराची जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालण्यापूर्वी तिची एक नक्कल जवळच्या ग्रंथालयात देऊन ठेवा. तिचा उपयोग कोणास व केव्हा होईल हे आज आपणांस सांगता येणार नाही. कुलाब्यास २ सप्टेंबरच्या सकाळी दुर्बिणीपाशी बसलेल्या त्या माणसासही ते सांगता आले नसते.